ध्वनिमुद्रणाचे स्थळ आणि ओवीची संहिता

१

मौखिक साहित्याच्या अभ्यासात संहितेचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा लेखनापासून सुरू होते. संकलकाने बोलीतील रूपे प्रमाणभाषेकडे वळवली काय, ओळी कोठे तोडल्या, पाठभेद नोंदवले की गाळले, असे प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारणे रास्तच आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून सरोजिनी बाबर यांनी सिद्ध केलेल्या लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांपर्यंतच्या संकलनांकडे या अंगाने पाहता येते. परंतु छापील पानाच्या जागी ध्वनिमुद्रण आले की हीच चिकित्सक वृत्ती सैल पडते. यंत्राने कानावर आले ते टिपले, त्यात संपादकाचा हात कोठून येणार, अशी एक न बोललेली समजूत त्यामागे असते. ध्वनिमुद्रण उघड्यावर झाले, ओसरीवर झाले, की भिंतींना ध्वनिशोषक आवरण लावलेल्या बंद खोलीत झाले, हा प्रश्न मग तंत्रज्ञाच्या अखत्यारीतील मानला जातो आणि अभ्यासक थेट शब्दांकडे वळतो.

ही वाटणी टिकणारी नाही. ध्वनिमुद्रणाचे स्थळ निवडणे ही पाठचिकित्सेतील पाठनिवडीच्या तोडीची कृती आहे. कोणता ध्वनी संहितेत मोडतो आणि कोणता तिच्याबाहेरचा, याचा निर्णय पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वीच स्थळाने केलेला असतो. पोथीच्या समासातील नोंद मूळ लेखकाची की नंतरच्या वाचकाची, यावर पाठचिकित्सक वर्षानुवर्षे वाद घालतो. बंद खोलीत मात्र समासच कापून टाकलेला असतो, आणि तो कापल्याची खूणही मागे उरत नाही.

२

या प्रश्नाची भौतिक बाजू साहित्याच्या अभ्यासकाने टाळू नये, कारण तीत एक अनपेक्षित गोष्ट दडलेली आहे. उघडे मैदान म्हणजे गोंगाट आणि बंद खोली म्हणजे शुद्धता, असे सामान्यतः समजले जाते. निनादाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे दिसते. मोकळ्या रानात तोंडातून निघालेला ध्वनी पसरत जातो आणि परत येत नाही. जमिनीवरून होणारे परावर्तन सोडले तर त्याला अडवणारे काही नसते. साधी खोली मात्र प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परत करते. खोलीवर ध्वनिशास्त्रीय संस्कार करायचे म्हणजे हे परतणे कमी करायचे. संपूर्ण निनादहीन खोली हे भिंतींच्या आत उभारलेले मैदानच असते, फक्त त्यातून वारा, पाखरे, गुरे आणि माणसे वजा केलेली असतात.

या संस्कारांची सुरुवात भाषेच्या अडचणीतूनच झाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना, म्हणून वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाकडे ते काम सोपवले गेले. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि शेजारच्या नाट्यगृहातून रात्री उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या, एवढ्या सामग्रीवर त्याने ध्वनी विरण्याचा काळ मोजला. तेथे एक अक्षर विरण्यापूर्वी पुढची अनेक अक्षरे त्यावर येऊन पडत होती. शोषक आवरणाचा मूळ हेतू असा साधा होता: शब्दाला शब्दापासून सुटे करणे. शब्दाला जगापासून सुटे करणे हा पुढचा टप्पा, आणि तो ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाने गाठला.

जॉन केज या अमेरिकन संगीतकाराच्या बाबतीत ही दोन्ही स्थळे एकाच वर्षाच्या अंतराने समोर येतात. १९५१ च्या सुमारास तो हार्वर्डमधील निनादहीन खोलीत गेला आणि नीरवतेच्या अपेक्षेने उभा राहिला असता त्याला दोन ध्वनी ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा; ते आपल्याच मज्जासंस्थेचे आणि रक्ताभिसरणाचे आहेत असे त्याला सांगण्यात आले. त्या स्पष्टीकरणाच्या शास्त्रीय अचूकतेविषयी शंका घेता येते. पण १९५२ च्या ऑगस्टमध्ये त्याची प्रसिद्ध नि:शब्द रचना प्रथम सादर झाली ती वुडस्टॉकजवळच्या, मागील बाजूने रानाकडे उघडणाऱ्या सभागृहात, आणि तेथे वारा, छपरावरचा पाऊस आणि श्रोत्यांची कुजबुज हाच रचनेचा मजकूर ठरला. केजविषयी लिहिणारे बहुधा या घटनेतून नीरवता अशक्य असल्याचा निष्कर्ष काढतात. मौखिक साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून उपयोगी निष्कर्ष वेगळा आहे: ऐकणारा ज्याला रचनेबाहेरचे म्हणतो ते स्थळानुसार बदलते.

३

मराठीत हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो जात्यावरच्या ओवीपाशी. तिचे मूळ स्थळ या दोन टोकांपैकी कोणत्याच टोकाला नाही. जाते घरात असते, म्हणजे ओवी उघड्यावर गायली जात नाही. आणि ते घर ध्वनीला दार लावणारे नसते. पहाटेची वेळ, गोठ्यातली हालचाल, शेजारच्या घरातले दुसरे जाते, झोपेत कुशीवर वळलेले मूल, हे सारे त्या खोलीत येत-जात असते. आणि या सर्वांच्या मधोमध जात्याची घरघर असते. ती ओवीची पार्श्वभूमी आहे असे म्हणणे हा आपल्या ऐकण्याच्या सवयीचा दोष आहे. समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरून ओढतात. ओढीचा जोर, वैरण घालण्यासाठी क्षणभर मोकळा झालेला हात, श्वास घ्यायची जागा, एकीने टाकलेली ओळ दुसरीने उचलणे, हे सगळे दगडाच्या फेऱ्याशी बांधलेले असते. छापील पुस्तकात दोन ओळींची दिसणारी ओवी गाताना दोन ओळींची राहत नाही. अर्धी ओळ परत येते, संबोधने मध्ये शिरतात, शेवटचा शब्द पुढच्या फेऱ्यावर टाकला जातो. ही वाढ भरतीची म्हणून संकलक गाळतो. परंतु जात्याचा आवाज ऐकत ती ऐकली तर तिचे प्रयोजन लगेच कळते.

हा भेद आज तपासून पाहता येतो, याचे श्रेय गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या दीर्घ उद्योगाला द्यावे लागेल. पुण्यातील त्यांच्या संशोधन केंद्रातून, आणि मुख्यतः गावोगावच्या स्त्रियांच्याच सहभागातून, हजारांहून अधिक गावांतील एक लाखांवर ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणही झाले. सुमारे १२० तासांचा तो संग्रह गुडगाव येथील वांशिक संगीतशास्त्राच्या अभिलेखागारात ठेवला गेला, आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्यातील ओव्या संहिता व ध्वनीसह प्रकाशित करण्यास आरंभ केला. या उद्योगात एकाच काव्यप्रकाराच्या दोन प्रकारच्या संहिता शेजारी शेजारी आल्या: कागदावरच्या आणि गळ्यातल्या. त्यांतील अंतराचा साहित्यशास्त्रीय विचार मात्र मराठी समीक्षेने अजून पुरेसा केलेला नाही.

स्त्रियांच्या घरी, ओसरीवर किंवा अंगणात केलेल्या अशा ध्वनिमुद्रणात बंद खोलीत न येणारे काय येते? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्रोता येतो. ओवी ही संबोधनाची कविता आहे. आई, भाऊ, शेजारीण, सई, विठ्ठल, प्रत्यक्ष जाते, यांपैकी कोणाला तरी ती हाक मारते. हाक ज्याला मारली तो बहुधा तेथे नसतो. पण ती ऐकणारी एक बाई खुंट्याच्या पलीकडे निश्चितपणे असते. सासरविषयीची तक्रार भावाला उद्देशून असते आणि ती ऐकते जाऊ किंवा शेजारीण. या दुहेरी श्रोतृत्वात ओवीचा बराचसा अर्थ साठलेला आहे. स्टुडिओत एकट्या बसवलेल्या गायिकेची हाक शाबूत राहते आणि ऐकणारी निघून जाते. उरते ते आधुनिक अर्थाचे भावगीत: कोणालाही उद्देशून नसलेले, एका व्यक्तीच्या अंतर्मनातून निघालेले आणि योगायोगाने आपल्या कानी पडलेले.

दुसरी गोष्ट क्रमाची. जात्यावर ओव्या सुट्या येत नाहीत. भावाची एक आली की तिच्या एखाद्या शब्दावरून माहेरच्या वाटेची येते, वाटेवरून पंढरीची, आणि ही साखळी दळण संपेपर्यंत चालते. तिची लांबी धान्य ठरवते. स्टुडिओतील मुद्रणाला आरंभ आणि शेवट बाहेरून दिलेला असतो. ठरलेल्या मिनिटांत बसणारी, विषयाने एकत्र आणलेली ‘गीते’ तेथे तयार होतात. येथे बंद खोलीचे आणि मुद्रित संग्रहाचे नाते उघड होते. आई, भाऊ, सासर, देव अशा प्रकरणांत ओव्या लावणारा संग्रह हेच करतो. ग्रंथाने केलेले तुकडे हे लेखनाचे दोष आणि ध्वनिमुद्रण हा त्यावरचा उतारा, अशी मांडणी अनेकदा केली जाते. पण मुद्रण बंद खोलीत झाले असेल तर आजार आणि उतारा यांत फरक राहत नाही.

४

एवढ्यावरून उघड्यावरचे ध्वनिमुद्रण अस्सल आणि बंद खोलीतले कृत्रिम, असा निवाडा दिला तर तो फार स्वस्तात मिळालेला निवाडा होईल. उघड्यावरच्या मुद्रणाचेही आपले खोटेपण असते. वाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. अंगणातील मुद्रणात भसभस ऐकू येणारा वारा तेथे बसलेल्या कोणालाही तसा ऐकू आलेला नसतो. मायक्रोफोनच्या पडद्यावर हवेचे भोवरे आपटून तो आवाज यंत्रातच निर्माण होतो, आणि तो टाळण्यासाठी त्यावर केसाळ आवरण चढवावे लागते. म्हणजे ‘क्षेत्राचा’ म्हणून जो आवाज भाविकपणे जपला जातो त्यातला काही भाग क्षेत्रात नव्हताच. अंतराचेही तसेच. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून बाहेरच्या कोलाहलातून शब्द सुटा काढायचा तर मायक्रोफोन तोंडाजवळ न्यावा लागतो. तो जवळ आला की गाणारीची मान खुंट्यापलीकडच्या बाईकडून त्याच्याकडे वळते. भोवती गाव जमते. दोघींच्या कानासाठी असलेली ओवी वीस जणांसमोर म्हटली जाते, आणि त्या विसांत सासरची माणसेही असतात. काय गायचे नाही हे तेथेही ठरते. फक्त ते ठरवणारा तंत्रज्ञ नसतो.

शिवाय दळण गिरणीकडे गेल्यानंतर मुद्रणासाठी जाते फिरवले जाते ते पिठासाठी नसते. दगड तोच, घरघर तीच, पण ओढीत गरज उरलेली नाही. हा स्मरणाचा प्रयोग आहे, आणि स्मरणाचा प्रयोग म्हणूनच तो ऐकला पाहिजे.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावा मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांच्या कामात मिळतो आणि तो अधिक अडचणीचा आहे. १९३३ ते १९३५ या काळात पॅरीने युगोस्लाव्हियातील गायकांची वीरगीते ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर उतरवली. एक तबकडी काही मिनिटांत भरत असे, म्हणून दोन फिरत्या बैठका असलेले खास यंत्र त्याने बनवून घेतले होते. एक भरेपर्यंत दुसरी सज्ज, त्यामुळे गाणे तुटत नसे. यंत्राच्या गरजेपुढे प्रयोगाला वाकवायचे नाही, हा आग्रह त्यात स्पष्ट दिसतो. लॉर्डने पुढे ‘द सिंगर ऑफ टेल्स’ या १९६० च्या ग्रंथात नोंदवले की गायकाच्या हातातून वाद्य काढून त्याला मजकूर सांगायला लावला की ओळींचा साचा प्रथम डळमळतो. ओवीच्या बाबतीत जे जात्याविषयी म्हटले तेच हे. पण त्याच लॉर्डचा दुसरा निष्कर्षही आहे. कुशल गायकाला गाण्याची घाई आणि श्रोत्यांची चुळबुळ यांतून सोडवून, लेखनिकासमोर सावकाश सांगू दिले तर त्याची रचना अधिक विस्तृत, अधिक संपन्न होते. आव्दो मेजेदोविच याचे १२ हजारांहून अधिक ओळींचे सर्वांत गाजलेले महाकाव्य १९३५ च्या जुलैमध्ये असे सांगूनच लिहवले गेले. ते गाऊन मुद्रित केलेले नाही.

तेव्हा शांत, श्रोत्यांपासून सोडवलेले स्थळ दर वेळी दरिद्रीच करते असे म्हणता येत नाही. महाकाव्याला ते मानवले. ओवीला ते मानवत नाही, याचे कारण दोन्ही प्रकारांच्या रचनातत्त्वात शोधावे लागते. महाकाव्याचे एकक कथा आहे, आणि कथा विस्ताराला जागा मागते. ओवीचे एकक हाक आणि तिला मिळणारी साथ हे आहे. विस्ताराला जागा देऊन तिला काही मिळत नाही, साथ काढून घेतली की मात्र तिचे बरेच जाते. स्थळाचा विचार वाङ्मयप्रकाराच्या विचारापासून वेगळा करता येत नाही तो यामुळे.

भाषाशास्त्राची गोष्ट पुन्हा निराळी. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाशी निगडित ध्वनिमुद्रिकांसाठी उधळ्या पुत्राचा दृष्टान्त बोलीबोलींतून म्हणवून घेतला गेला. तेथे मजकूर मुद्दामच परका आणि सर्वत्र सारखा होता. महत्त्व ध्वनीला होते. अशा कामासाठी कोरडी बंद खोली हेच उचित स्थळ आहे, आणि चवर्गातील दंत्य-तालव्य भेद तपासणाऱ्याला कोंबड्याचे आरवणे नको असेल तर त्याला दोष देण्याचे कारण नाही.

५

साहित्यसमीक्षेला या बंद खोलीचे आकर्षण का वाटावे? तिनेही तशीच एक खोली बांधली होती, हे त्याचे उत्तर आहे. १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय तपासले. काळ, कवी, प्रतिष्ठा यांचे पडसाद शोषून घेणारी ती वाचनाची खोलीच होती. तिने वाचनातील अनेक चुका स्वच्छ दाखवल्या, हे मान्य केले पाहिजे. पुढे नवसमीक्षेने त्या प्रयोगाचे तत्त्वज्ञान केले, आणि कवितेला स्वायत्त वस्तू मानण्याची सवय आपल्याकडेही रुजली. मर्ढेकरांच्या लयविचारात कलाकृतीच्या अंतर्गत संबंधांना जे सर्वोच्च स्थान मिळाले त्याचा या सवयीशी संबंध आहे. मर्ढेकर आकाशवाणीच्या सेवेत होते, त्यांचे काम ध्वनिबंद खोल्यांच्या शेजारी चाले. यावरून काहीच सिद्ध होत नाही, पण योगायोग बोलका आहे.

या सवयीने ओवीकडे पाहिले की तिच्यातील प्रतिमा, प्रास आणि भावनेची एकसंधता दिसते, आणि त्यासाठी तिचे कौतुकही होते. जी ओवी या कसोटीला उतरत नाही, जी अर्धीच आहे, जी मागच्या ओवीवाचून कळत नाही, ती ‘सामान्य’ ठरते. उघड्यावरचे मुद्रण ऐकले तर यातील कित्येक ‘सामान्य’ ओव्या साखळीतील सांधे आहेत असे लक्षात येते: श्वास सावरण्यासाठी, दुसरीला ओळ द्यायला, विषय बदलण्यासाठी योजलेल्या. त्या वगळून केलेले निवडक संग्रह वाचताना एक थकवा येतो. प्रत्येक ओवी शिखरच. चढ-उतार कोठे नाहीच.

६

आज या प्रश्नाला निकडीचे स्वरूप आले आहे ते एका नव्या कारणाने. बंद खोलीत आता गायिकेला नेण्याची गरज उरलेली नाही. खोली मागाहून आणता येते. जुन्या फितींचे अंकीय रूपांतर करताना गोंगाट वजा करणाऱ्या आज्ञावली सर्रास वापरल्या जातात. त्यांतील जुन्या व आजही वापरात असलेल्या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. शब्द झपाट्याने बदलतात आणि गोंगाट सातत्याने तसाच राहतो, असे गृहीत धरून, जेथे बोलणे थांबले आहे तेथला नमुना घ्यायचा आणि त्याच्याशी जुळणारे सर्व काही संपूर्ण मुद्रणातून उणे करायचे. फितीची सरसर, विजेच्या तारेची गुणगुण यांसाठी हे उत्तम. पण जात्यावरच्या मुद्रणात शब्द थांबतात तेव्हा काय ऐकू येत असते? दगड. सतत चालणारा, मंद गतीने बदलणारा, सर्व पट्ट्यांवर पसरलेला तो आवाज या गृहीतकाच्या व्याख्येत नेमका बसतो. ज्याच्यावर ओवीची लय उभी आहे तेच प्रथम बाद होण्याची शक्यता असते, आणि ऐकणाऱ्याला परिणाम सुखद वाटतो, शब्द अधिक स्पष्ट कळतात. हरवले काय, हे कळण्याचा मार्ग त्या स्वच्छ प्रतीत नसतो.

पाठचिकित्सेत अशा प्रसंगी काय करायचे याची शिस्त आहे. मूळ प्रत जपायची, केलेले बदल नोंदवायचे, संस्कारित पाठ हा संस्कारित म्हणूनच द्यायचा. विद्यापीठीय प्रबंधांत ओवीची संहिता उद्धृत करताना गायिकेचे गाव, संकलक आणि वर्ष बहुधा दिले जाते. मुद्रण कोठल्या जागेत झाले, जाते फिरत होते की नव्हते, असल्यास त्यात वैरण होती काय, समोर कोण बसले होते, आणि ऐकलेली प्रत मूळ की स्वच्छ केलेली, या नोंदी त्याच ओळीत याव्या लागतील. जाते थांबलेले असताना म्हटलेली ओवी आणि चालत्या जात्यावरची ओवी यांचे शब्द एकच निघाले तरी त्या एका पाठाच्या दोन नकला म्हणून मोजता येणार नाहीत; त्यांचे पाठभेद अक्षरांत नसून श्वासांच्या जागांत आहेत, आणि त्या जागा लिप्यंतरात दाखवायची चिन्हे मराठी अभ्यासकांना अजून ठरवायची आहेत.